पानो, पान आणि चतकोर

परक्या भाषा शिकवणाऱ्या लोकांची एक पक्की समजूत आहे. माणूस परदेशात उतरला की सगळ्यात आधी त्याला पाव लागतो. संडास कुठे आहे, दवाखाना किती लांब आहे, आमची बॅग कुणी नेली, हे सगळे प्रश्न पुढच्या धड्यांत. पहिल्या धड्यात पुरुष, बाई, पाणी, दूध आणि पाव. मोबाईलमधल्या त्या हिरव्या घुबडाचं, म्हणजे ड्युओलिंगोचंही तेच. स्पॅनिशमध्ये पावाला ‘पान’ म्हणतात, आणि ‘यो कोमो पान’ म्हणजे मी पाव खातो.

हे वाक्य जळकोटात रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं म्हणू नये. (जळकोट म्हणजे लातूर जिल्ह्यातलं, उदगीरजवळचं. नळदुर्गजवळ दुसरं एक जळकोट आहे. ते काय खातात ते त्यांचं त्यांना लखलाभ.) माझा भाचा कानात वायरी खोचून एका टपरीपाशी ‘यो कोमो पान, यो कोमो पान’ असं घोकत उभा होता. टपरीवाल्यानं शांतपणे पानाला चुना लावायला घेतला आणि एवढंच विचारलं, “साधं का मसाला?”

भाच्यानं स्पॅनिश धरली ती पगारासाठी. पुण्यात म्हणे दोन भाषा येणाऱ्याला जास्त पगार देतात. पगार हा शब्द पोर्तुगीजांनी इथे सोडला, म्हणजे सुरुवात बरोबर दिशेनं झाली होती. पण स्पॅनिशमध्ये क्रियापदं फार वळतात असं कळल्यावर त्यानं शेजारीच ठेवलेली एस्पेरांतो उचलली. जगातली सगळ्यात सोपी भाषा, अपवाद नाहीत, पाठांतर कमी. तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला याहून मोठं आमिष नसतं. या भाषेत पाव म्हणजे ‘पानो’. स्पॅनिश पानाला नुसता एक ‘ओ’ चिकटवलेला. एस्पेरांतोत प्रत्येक नामाच्या शेवटी ‘ओ’ असतोच. खेड्यात हाक मारताना आपण लावतो तसाच, फक्त यांचा शेताच्या बांधापर्यंत पोचत नाही.

ही भाषा एका माणसानं घरी बसून केली. लुडविक झामेनहोफ, वॉर्साचे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी १८८७ साली पहिलं पुस्तक काढलं, सोळा नियमांचं, आणि ते छापलं सासऱ्याकडून आलेल्या हुंड्याच्या पैशातून. आमच्या भागात हुंड्याच्या पैशातून मोटारसायकल घेतल्याचं, प्लॉट घेतल्याचं, अगदी निवडणूक लढवल्याचंही मी ऐकलं आहे. व्याकरण घेतल्याचं हे एकच उदाहरण. पुन्हा पुस्तकात त्यांनी जाहीर करून टाकलं, की या भाषेवर माझा कसलाही हक्क नाही, ज्याला हवी त्यानं वापरावी. याला मराठीत लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. हा वाक्प्रचार एस्पेरांतोत जसाच्या तसा नेता आला असता, तर संस्थापकांचं चरित्र एका ओळीत आटपलं असतं. भाषा नवी, त्यामुळे म्हणी नव्हत्या. मग वडिलांनी जमवलेल्या म्हणींच्या आधारानं त्यांनी १९१० मध्ये म्हणींचंही पुस्तक काढलं. आपल्याकडे म्हण तयार व्हायला दोन-चार दुष्काळ लागतात.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं आहे असं समजायचं कारण नाही. आपले विनोबा, गागोद्याचे, १९६० च्या सुमारास पदयात्रेत असताना एस्पेरांतो शिकले. युगोस्लाव्हियाचे तिबोर सेकेली त्यांच्याबरोबर पायी चालत त्यांना ती शिकवत. चालता चालता शिकण्याजोगी भाषा आहे, यात शंका नाही. आमचा भाचा मात्र आडवा पडून शिकतो.

त्यानं घरात पहिला हल्ला आईवर केला, म्हणजे त्याच्या आजीवर. ती चुलीपुढे बसली होती. गॅस आहे, पण भाकर चुलीवरच, हा तिचा सतरावा नियम. हा म्हणाला, “आजी, एस्पेरांतोत एक शब्द आला की पंधरा आले. पानो म्हणजे पाव. पानुयो म्हणजे पाव ठेवायचं भांडं. पानेरो म्हणजे पावाचा कण. बाकेयो म्हणजे भाजायची जागा, बेकरी. बाकिस्तो म्हणजे भाजणारा. भाजणारी असली तर बाकिस्तिनो.”

इथपर्यंत आईला काहीच नवं वाटलं नाही. मास्तर-मास्तरीण, पाटील-पाटलीण, तसं ते. पण त्याच नियमानं बाप म्हणजे पात्रो आणि आई म्हणजे पात्रिनो, असं यानं उत्साहाच्या भरात सांगितलं.

“म्हंजे बापीण?” तव्यावरची भाकर तशीच ठेवून तिनं विचारलं. “आदी माय असती का आदी बाप?”

डॉक्टर झामेनहोफ यांच्या सोळा नियमांत याला उत्तर नाही.

मग उलट अर्थाचा ‘माल’. एस्पेरांतोत कुठल्याही शब्दाला पुढे ‘माल’ लावला की त्याचं उलटं होतं. चांगला बोना, वाईट मालबोना. गरम वार्मा, थंड मालवार्मा. ताजा फ्रेशा, शिळा मालफ्रेशा. निम्मे शब्द पाठ करायचे वाचतात. पण ही युक्ती काढणारा माणूस शिळी भाकर खाऊन वाढलेला नव्हता, हे उघड आहे. शिळी भाकर म्हणजे ताजी नसलेली भाकर नव्हे. तो स्वतंत्र पदार्थ आहे. रात्री मुद्दाम दोन जास्त थापाव्या लागतात, सकाळी ती दुधात कुस्करायची, नाहीतर दह्याबरोबर आणि ठेच्याबरोबर खायची, आणि ज्याच्या वाट्याला येत नाही तो रुसतो. ताजी भाकर पाहुण्याला, शिळी घरच्या लाडक्याला. आता हिला ‘माल’ लावून कसं चालेल?

वास्तविक आम्हाला पावाचं वावडं नाही. पोर्तुगीज ‘पांव’ गोव्यात उतरला, तोच आपला पाव. मागोमाग घमेलं, चावी, बालदी, इस्त्री, तुरुंग अशी बरीच बिऱ्हाडं आली, पण पावाइतका मराठीत कुणी गोंधळ घातला नाही. कारण इथे त्याच नावाचे दोन भाडेकरू आधीपासून राहत होते. एक पावशेरातला पाव, दुसरा देव पावतो त्यातला. त्यात आमच्याकडे पाहुण्यांनाही बोलताना पावणे म्हणतात. त्यामुळे ‘पावणेतीनला पावणे येतील, पाव किलो पाव आणून ठेव, देव पावंल’ हे वाक्य आमच्या घरात सहज बोललं जातं, आणि आजवर कुणी चुकून देव आणून ठेवला नाही. भाच्याला मी म्हटलं, हे तुझ्या घुबडाला एकदा विचार.

माझ्या लहानपणी जळकोटात पाव हा आजाऱ्याचा पदार्थ होता. कुणाच्या हातात ब्रेडचा पुडा दिसला, की वाटेत तीन जण विचारायचे, “कोन पडलंय?” जुनी माणसं डबलरोटी म्हणत. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं तरी त्याची डबलरोटी राहिली. उदगीरकडून बिदरकडे गेलं की भाकरीची रोट्टी होते. पलीकडच्या अंगाला नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये बसा, तिथे पोळीला परशादा म्हणतात, आणि दोन्ही हात पुढे केल्याशिवाय वाढत नाहीत. बेकरीत तर वेगळाच कारभार. खारी, टोस्ट, नानकटाई आणि बटर. बटर म्हणजे लोणी नव्हे. बटर म्हणजे चहात बुडवल्याशिवाय दाताला दाद न देणारा तो गोल, टणक ऐवज. एका इंग्रजी शाळेतल्या पोरानं ‘ब्रेड अँड बटर’ हा धडा वाचून ब्रेडबरोबर ते बटर खाल्लं होतं. पोटभर झालं असेल.

पण हे सगळे शब्द बाहेरचे, बाजारातले. घरातला शब्द भाकर. शहरात भाकरी म्हणतात, आमच्याकडे भाकर; भाकरी म्हटलं की अनेक झाल्या. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवट अंश नसतो. त्याला लाटायला गेलं तर ते फाटतं. म्हणून कढत पाणी घालून पीठ चिकट करायचं, परातीत तळहातानं रगडायचं, उंडा करायचा, मग थापायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, मग उलथायची, मग आरावर फुगवायची. फुगली की पापुद्रा सुटतो. गोव्यात उंडो म्हणजे भट्टीतून आलेला तयार पाव, आणि आमचा उंडा म्हणजे अजून भाकर न झालेला गोळा. तिकडे जिथे काम संपतं, तिथे इकडे सुरू होतं. यातून दोन प्रदेशांच्या स्वभावाबद्दल निष्कर्ष काढू नयेत, पण मोह होतो.

खरी कमाल मापांची आहे. आख्खी, अर्धी, चतकोर आणि नितकोर. एस्पेरांतोत पाव हिश्शाला क्वारोनो म्हणतात. क्वारोनो म्हणजे शंभरातले पंचवीस, वॉर्सातही आणि टोकियोतही. चतकोर म्हणजे किती, हे मात्र तीन गोष्टींवर ठरतं: भाकर थापणारीचा हात, खाणाऱ्याचं नातं आणि नुकतंच झालेलं भांडण. पाहुणा ‘चतकोर वाढा’ म्हणाला तर अर्धी वाढायची. ‘बास झालं’ म्हणाला तर चतकोर. ‘आता खरंच नको’ म्हणून ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून नितकोर सरकवायची. जावई असेल तर हा सगळा हिशोब दुपटीनं. स्वतः वाढणारी बाई मात्र शेवटी ‘मला चतकोरच लागती’ म्हणते, आणि दुरडीत खरोखर तेवढीच उरलेली असते. हे व्याकरण सोळा नियमांत बसत नाही. आमच्याकडे लग्न करून आलेल्या मुलीला ते यायला पाच-सात वर्षं लागतात, आणि तिला कुठलंही घुबड रोज आठवण करून देत नाही. ते काम सासू करते.

एस्पेरांतोवर असा जरासा राग धरून बसलो असताना स्पॅनिशनं मात्र मला गाठलं. भाचा एके दिवशी त्यांच्या म्हणी वाचून दाखवायला लागला. ‘आ बुएन आंब्रे नो आय पान दुरो.’ खऱ्या भुकेला कडक पाव नसतो. आई लगेच म्हणाली, भुकेला कोंडा आन निजंला धोंडा. ‘मास लार्गो के उन दीया सिन पान.’ पावाविना काढलेल्या दिवसाहून लांब. बाहत्तरचा दुष्काळ पाहिलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नाही. पोर जन्मतं ते काखेत पाव घेऊनच, असंही म्हणतात तिकडे. इकडे चोच देणाऱ्यानं चारा द्यायचा असतो, तिकडे पोर स्वतःच डबा घेऊन येतं. ‘पान कोन पान, कोमीदा दे तोन्तोस.’ पावाशी पाव खाणं हे मूर्खांचं जेवण. पोळीशी भाकर खाणारा एक गृहस्थ आमच्या भावकीत आहे. नाव सांगितलं असतं, पण बांधाचा वाद अजून मिटायचा आहे.

आणि मग ‘कोंतीगो, पान ई सेबोया’. तुझ्यासंगं पाव आणि कांदा. म्हणजे तू बरोबर असलास तर गरिबीतही सुखानं राहीन. मी चाटच पडलो. स्पेनमधली प्रेमात पडलेली मुलगी जे म्हणते ती आमची कांदा-भाकर आहे! फक्त आमच्याकडे ते प्रेमात पडलेली मुलगी म्हणत नाही, मुलीचा बाप स्थळ बघताना म्हणतो, “आमची पोरगी कांदा-भाकर खाऊन ऱ्हाईल,” आणि समोरची मंडळी तेवढ्यावर न थांबता किती तोळे ते विचारतात. आईनं हे ऐकून विचारलं, “ही पोरगी लग्नाआदी म्हन्ती का मागून?” भाचा म्हणाला, आधी. “तवाच,” ती म्हणाली.

इतकं जुळत असेल तर यांच्याकडेही कुठेतरी भाकर असली पाहिजे, असं मला वाटायला लागलं. आणि आहे. ती स्पेनमध्ये नाही, समुद्रापार मेक्सिकोत आहे. स्पॅनिश सैन्य १५१९ साली तिकडे उतरलं तेव्हा तिथल्या बाया मक्याच्या पिठाची पातळ, गोल चकती हातानं थापून मातीच्या तव्यावर भाजत होत्या. मक्यातही चिवट अंश नसतो, म्हणून त्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत. (चुना! टपरीवाल्याला हे सांगायला हवं.) तिथले लोक तिला त्लाश्काल्ली म्हणत. जीभ वळेना, तेव्हा स्पॅनिश लोकांनी घरचंच एक नाव देऊन टाकलं, तोर्तिया, म्हणजे छोटी चकती. घोळ असा, की खुद्द स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे अंड्याचं जाडजूड आमलेट, बहुधा बटाटा घातलेलं. म्हणजे मेक्सिकोचा माणूस माद्रिदमध्ये भाकर मागतो आणि त्याला आमलेट मिळतं. आमच्या एकादशीवाल्या मंडळींनी तिकडे जाताना जपून राहावं.

ते आमलेट तव्यावर उलटवणं हे कौशल्याचं काम, म्हणून स्पॅनिशमध्ये डाव उलटवण्याला ‘तोर्तिया फिरवणं’ म्हणतात. राजकारणात विशेष. शरद पवार २०२३ च्या एप्रिलमध्ये म्हणाले होते, की भाकरी वेळेवर फिरवली नाही तर करपते. आठवडाभरातच, २ मे रोजी, त्यांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि तीन दिवसांनी निर्णय मागेही घेतला. इतक्या कमी वेळात भाकर दोनदा फिरली. हे भाषण माद्रिदमध्ये झालं असतं तर दुभाष्याला काडीचाही त्रास पडला नसता.

इंग्रजांचं मूळही शेवटी पिठातच निघतं. ‘लॉर्ड’ हा शब्द जुन्या इंग्रजीत पाव राखणारा अशा अर्थाचा होता आणि ‘लेडी’ म्हणजे पीठ मळणारी. म्हणजे लॉर्ड कर्झन हे दुरडीवरचे राखणदार आणि लेडी कर्झन परातीपाशी. ‘कंपनी’चं मूळ लॅटिन, एकत्र पाव खाणारे. ईस्ट इंडिया कंपनीनं आमच्या ताटात काय केलं ते पाहता नाव अगदीच चुकीचं नव्हतं. स्पॅनिशमध्ये सोबत्याला ‘कोंपान्येरो’ म्हणतात, तोही त्याच पंगतीतला. भाचा तेव्हापासून मित्रांना कोंपान्येरो म्हणतो. ते त्याला पान्या म्हणतात.

या सगळ्यात मला सगळ्यात शहाणे वाटतात ते बायबलचं मराठी करणारे. सगळा युरोप जिथे पाव लिहितो, तिथे त्यांनी भाकर लिहिली. मराठी बायबलात येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो, आणि पाच हजारांना जेवू घालतो ते पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत. त्या भाकरी जवाच्या होत्या असं योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट आहे. जवाच्या पिठाची त्या मुलखात कशी भाकर होत असेल, ते आमच्या आईला तोंडपाठ आहे, फुगीर पावाची सवय झालेल्याला नाही. झामेनहोफ यांच्या पहिल्या पुस्तकातही ती रोजच्या भाकरीची प्रार्थना नमुन्यादाखल आहे. तिथे अर्थात पानो.

तेव्हा भाच्याला मी काम दिलं, की पानो पुरे झालं, भाकरीला एस्पेरांतोत शब्द शोध. विनोबांची भाषा आहे, रिकाम्या हातानं पाठवणार नाही. दोन दिवस तो आडवा पडून होता. पहिला शब्द आणला ‘प्लातपानो’, चपटा पाव. आई म्हणाली, गाडीखाली आल्तं का काय? मग त्यानं ज्वारी घातली. ज्वारीला स्पॅनिशमध्येही सोर्गो आणि एस्पेरांतोतही सोर्गोच. ‘सोर्गा प्लातपानो’ झालं. शेजारच्या काकू दूध घ्यायला आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि हळूच विचारलं, “कुनाला झालाय? औषध हाय का त्याच्यावर?”

मग त्यानं पंधरावा नियम काढला. जे शब्द बहुतेक भाषांनी घेतलेले असतील ते एस्पेरांतोत फारसे न बदलता घेता येतात, फक्त लिहायचे आपल्या पद्धतीनं आणि शेवटी ‘ओ’. आता भाकर बहुतेक भाषांनी घेतली आहे का, यावर घरात सभा बसली. मराठी आहे, कोकणी आहे, गुजराती भाखरी आहे. “ती गव्हाची,” आई म्हणाली, आणि गुजरात बाद झाला. तरी भाच्यानं रेटून ‘भाकरो’ असा शब्द लिहिला. तर एस्पेरांतोत भ नाही. ब आहे, भ नाही. मग ‘बाकरो’ करावा लागला. संध्याकाळी त्यानं पुन्हा कानात वायरी खोचल्या आणि अंगणात फिरत उच्चार पक्का करायला घेतला, बाकरो, बाकरो, बाकरो, तेव्हा फाटकापाशी आमचे नात्यातले एक पावणे थांबले, आत डोकावून त्यांनी हात जोडले आणि आईला म्हणाले, “आत्याबाई, कवा कापायलाव? आमाला आवतन हाय ना?”